देण्याघेण्याची साडी

मी एक जुनी साडी आहे. मोरपंखी रंगाची, काठाला पिवळी वेल असलेली. माझी पहिली चार वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत गेली आणि मित्रांनो, त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

सुरतेहून गठ्ठ्यात बांधून मी मुरबाडच्या बाजारात आले. दुकानदार बायकांना पहिला प्रश्न विचारायचा, "नेसायची दाखवू, की देण्याघेण्याची?" मी देण्याघेण्याच्या ढिगात होते. म्हणजे घेणारीला आवडली नाही तरी चालेल आणि जिला मिळेल तिने नेसली नाही तरी चालेल, अशी साडी. माणसं असं कापड स्वतःच्या कष्टाचे पैसे देऊन नेतात, हे मला आधी खरंच वाटलं नाही.

मला जनीने घेतलं. ती उंबरमाळीजवळच्या पाड्यावर नवरा कोंडू आणि लेक वैष्णवी यांच्याबरोबर राहायची. धसईला माहेरी लग्न होतं, आहेर हवा होता. मला पिशवीत परत घालण्याआधी तिने पदराच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली घातली.

"हे काय गो?" कोंडूने विचारलं.

"बघू तरी, हिला नेसतंय कोण."

कोणीच नेसलं नाही. धसईहून मी एका हळदीला गेले, तिथून डोहाळजेवणाला, मग कोणाच्या वास्तुशांतीला. प्रत्येक घरात बाई मला हसून घ्यायची, कपाळाला लावायची आणि डांबराच्या गोळ्यांत टाकून द्यायची. त्याच घरात पोरगं फाटक्या चपलेने शाळेत जात असायचं. आणि मी आपली कोरी! कोणासाठी?

चौथ्या वर्षी जनीच्या घरी पूजा होती. कोंडूची मोठी बहीण रंगू आहेर घेऊन आली. जनीने पिशवी उघडली, पदराचा कोपरा पाहिला आणि खो खो हसत सुटली.

"वन्सं, ही माझीच की! गावं फिरून घरी आली."

"म्हंजे मी जुनी साडी दिली बोलतेस?"

"जुनी कशी होईल? नेसली कोण? आमी सगळ्यांनी हिला नुसती वाहिली. दुकानदार तेवढा सुधारला."

रंगू न जेवता गेली. जनीने मात्र दुसऱ्याच दिवशी माझी घडी मोडली. घड्यांवर माझा रंग विटला होता, त्याची तिने पर्वा केली नाही. मला नेसून ती शेतावर गेली. चिखल लागला, ऊन लागलं. मी पहिल्यांदा साडी झाले.

तिने आणखी एक ठरवलं. यापुढे आहेर बंद. घरामागे चार बांबूंना जुनेर बांधून न्हाणी केलेली होती. वारा सुटला की एका हाताने पडदा धरून दुसऱ्या हाताने अंगावर पाणी घ्यायचं आणि पलीकडेच येण्याजाण्याची वाट. "पोरगी मोठी होतेय," जनी म्हणायची. "लोकांच्या कपाटात साड्या भरू, की पोरीला चार भिंती देऊ?"

लग्नांना ती जायची, पण रिकाम्या हाताने. तांदूळ निवडायची, भांडी घासायची. रंगू सगळ्यांसमोर म्हणाली, "आली हात हलवीत!"

"हात हलवल्याबिगर भांडी निघत नाय, वन्सं."

हसून बोलली, पण घरी येऊन ती रडली, ते मी पदराने टिपलं.

न्हाणी झाली. विटांच्या भिंती, पत्र्याचं दार. पहिल्या दिवशी आत कडी लावून जनी बराच वेळ नुसती उभी राहिली. मग मला खिळ्याला अडकवून तिने दोन्ही हातांनी आंघोळ केली.

पुढच्या वैशाखात ती तापाने पडली. शहापूरच्या दवाखान्यात कोंडू एकटाच उशाशी, वैष्णवी घरी गुरांपाशी. त्याने नातेवाइकांना फोन केले. कोणीतरी येऊन बसावं, म्हणजे तो थोडी पेज घेऊन येईल, एवढंच मागणं होतं. रंगू म्हणाली, "हळद आहे रे घरात, कशी येऊ?" बाकीच्यांच्या घरीही हळदीच होत्या. जनी गेली.

दहाव्याला मात्र सगळ्या आल्या. सवाशीण गेली म्हणून प्रत्येकीच्या हातात कोरी साडी. ओटीवर पिशव्यांचा ढीग झाला. रंगू हळूच म्हणाली, "नीट ठेव, कोंडू. पुढच्या लग्नसराईत द्यायला होतील."

कोंडूने एक पिशवी उचलली आणि दाताने फाडली. साडी झटकून अंगणातल्या दोरीवर टाकली. मग दुसरी. मग तिसरी. पिशवी फाटली, घडी मोडली, की साडी आहेरात चालत नाही.

"येडा झालास काय रे?" रंगू ओरडली.

"ती पडली होती तवा येकीला येता नाय आलं. साडीला बरी एसटी मिळाली! नेसा आता. नेसूनच जा."

कोणी हललं नाही. मग शेजारची भिमी उठली. जनीबरोबर भाताची लावणी करणारी, तिच्याकडे आणायला साडी नव्हती. दोरीवरची एक ओढून तिने नेसल्या लुगड्यावरच गुंडाळली आणि चूल पेटवायला गेली.

मित्रांनो, घरात कोणी "द्यायला होईल" म्हणून काही विकत घेतलं, तर विचारा, हे वापरणार कोण? मोठी माणसं रागावतील. रागावू द्या. आणि आजाऱ्याकडे वस्तू पाठवू नका, तुम्ही जा.

परवा वैष्णवीने मला न्हाणीतल्या खिळ्यावरून काढलं, धुतलं, नीट घडी घातली. हातात पिशवी होती.

"बाबा, आयची साडी कपाटात ठेवते. आठवण म्हणून."

कोंडूने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"ठेवू नको गो," तो म्हणाला. "नेस."