लांबची वाट

रोशनबीच्या लेकीचं, चांदबीचं लग्न झालं ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मांडवाचे बांबू अजून दारात पडून होते, तोवर रशीदनं आईपुढं विषय काढला.

"अम्मा, घर इकूया. फौंड्री माळावर गेली, तिथंच प्लॉट घेतलाय. मोकळी हवा हाय."

"हवा खाऊन जगायचं व्हय?" रोशनबी म्हणाली. पण सायकल मारून मारून पोराच्या पिंढऱ्या भरून येतात, हे तिलाही दिसत होतं.

रिक्षात बसलं की रोशनबीच्या पोटात ढवळायचं. तिचं जग सगळं पायाखालचं. बोळातून बाहेर पडलं की गिरणी, पलीकडं मंडई, मंडईच्या कोपऱ्यावर दूधकट्टा आणि त्याच्या मागं कब्रस्तान. तिथं तिचा नवरा लालासाब निजलेला. माळावर पीठ संपलं तर पोराच्या सायकलची वाट बघत बसायचं, हेच तिच्या जिवाला लागलं होतं.

घर बघायला आजऱ्याहून त्र्यंबकराव आणि विमलाबाई आले. त्र्यंबकराव शाळेतून निवृत्त झालेले. ते भिंती ठोकून बघत होते. विमलाबाई उंबऱ्यात टेकल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "दूध कुठून आणता?"

"चला, दावते की."

निघताना रोशनबीच्या मनात आलं, हिला लांबच्या वाटेनं न्यावं. बाई दमली की आपोआप घर नको म्हणंल. पोराला नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती, ते काम तिनं पायांवर सोपवलं. सरळ मंडईत न शिरता ती तालमीच्या मागनं वळली.

लांबची वाट म्हणजे जास्तीची दारं, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. पहिल्याच दारात धोंडुबाई तांदूळ निवडत बसलेली. "रोशन, पावणी कोन? टेका की दोघी." पुढं बायडाबाईनं विमलाबाईंच्या ओंजळीत भाजक्या शेंगा ओतल्या. गिरणीवाल्यानं पांढऱ्या हातानंच रामराम घातला. रोशनबी पाय उचलत होती आणि विमलाबाई दर दारात रेंगाळत होत्या.

कट्ट्यावर हंबीरराव म्हशीखाली बसला होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची, ही तिथली रीत.

"चाची, आज हिकडनं कशी? वाट इसरलीस काय?"

हंबीररावानं पेला भरून पाहुणीच्या हातात दिला. विमलाबाईंनी तो उभ्यानंच घोट घोट प्यायला.

"बाई, मिशी आली की तुमास्नी," हंबीरराव म्हणाला. विमलाबाईंनी ओठावरचा फेस पदरानं पुसला आणि त्या हसत राहिल्या.

"आमचं घर रानात," परतताना त्या रोशनबीला म्हणाल्या. "कधी कधी दिवस दिवस ह्यांच्याखेरीज कुणाचा आवाज कानावर पडत नाही."

दारात पोचताच त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "हे घर घ्यायचं."

"अगं, कौलं गळतायत."

"गळू देत. भांडं ठेवीन मी खाली."

रोशनबी चुलीपाशी जाऊन बसली. घर तिनंच पायी हिंडून विकलं होतं.

माळावर घर झालं. हवा खरोखरच मोकळी होती. रोशनबी सकाळी चपला घालून कुंपणापर्यंत जायची आणि परत यायची. त्यापुढं जायला काही नव्हतंच. शेवटी दर शुक्रवारी रशीद तिला सायकलवरून बोळाच्या तोंडाशी आणून सोडू लागला. विमलाबाई चप्पल घालून तयार असायच्या.

"कुठनं जायचं?" रोशनबी विचारायची.

"तालमीच्या मागनं," विमलाबाई म्हणायच्या.

अशी सात वर्षं गेली. माळावरनं खांद्यावर आणायला कब्रस्तान फार लांब, म्हणून रोशनबीचा जनाजा टेम्पोतनं आणला आणि बोळाच्या तोंडाशी उतरवला. विमलाबाई दारात उभ्या होत्या. त्या रशीदला म्हणाल्या, "बाळा, तिला तालमीच्या मागनं ने." दारादारांतून माणसं उठली, खांदे बदलत गेले. हंबीररावानं धार अर्धी टाकून खांदा दिला.

रोशनबी लालासाब एकोणीसशे एक्याऐंशी साली, दिवाळी सरल्यावर, गुरुवारी रात्री झोपेतच वारली.