वळवळ्याचं मूळ गाव

शेवटची कोंबडी पायाने डालग्यात ढकलत भिकाजी म्हणाले, "तेका जन्म कसलो? तो थंयचोच. मूळचो."

"मूळचो म्हणजे काय, बाबा? तिसऱ्या पिच्चरात प्रयोगशाळा दाखवल्यानी. नळयो दाखवल्यानी." सर्वेशने डालग्यावर फळी टाकली आणि दोरी आवळली. "कोणीतरी बनवलेलो आसा तो."

"नळयो आमच्या शाळेतय होत्यो. थंयसून बेडूकसुदिक जिवंत भायर पडाक नाय."

टेम्पोच्या पुढच्या सीटवर लोणच्याची बरणी मांडीत घेऊन बसलेल्या सुभद्राआत्याने मान बाहेर काढली. भिकाजींची ही धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच असायची आणि त्या घरात मोठ्याने बोलणारं माणूस तेवढं एकच होतं.

"शिरा पडो तुमच्या त्या वळवळ्यार! अख्खो गाव वेशीभायर पोचलो, नि हे बापूस-झील हंय बेडूक मोजतत. चला आता!"

गावपळणीचा तो पहिला दिवस होता. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की गाव मोकळं करायचं, माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या सगळं वेशीबाहेर न्यायचं, खाडीकाठी माडाच्या झापांच्या राहुट्या घालायच्या आणि तीन दिवस, तीन रात्री तिथेच काढायच्या. तेवढे दिवस गाव कोणाचं असतं, हे विचारायचं नसतं. मग पुन्हा कौल घ्यायचा, आणि मिळाला की परतायचं. एरवी बांधावरच्या फणसावरून सात पिढ्या न बोलणारी माणसंही पळणीत एकमेकांच्या चुलीवर चहा ठेवतात. गावात परतल्यावर फणस जागच्या जागी असतोच.

वळवळ्या मात्र गावचा नव्हता. निदान भिकाजी सोडून बाकी सगळ्या जगाचं तसं मत होतं. इंग्रजी चित्रपटांची ती एक मालिका होती. तिचं नाव भिकाजींच्या तोंडात कधी नीट बसलं नाही, म्हणून तिच्यातल्या राक्षसाला त्यांनीच हे नाव ठेवलं होतं. दूरच्या कुठल्या ग्रहावर माणसांनी बांधलेलं एक ठाणं असतं. पहिला चित्रपट सुरू होतो तेव्हा ते रिकामं असतं. टेबलावर ताटं वाढलेली, पेल्यात अर्धा चहा, माणूस मात्र एकही नाही. शोध घ्यायला एक तुकडी येते आणि अंधारातून निघालेलं ते लांबलचक, ओलं, वळवळणारं जनावर तिला एकेक करून खातं. ते आलं कुठून, हे तीन चित्रपट झाले तरी कोणी सांगितलं नव्हतं. आता चौथा आला होता, तो पहिल्याच्याही आधीची गोष्ट सांगणारा. त्यात वळवळ्याचं मूळ एकदाचं कळणार होतं, आणि भिकाजींना धास्ती होती ती याच गोष्टीची.

त्याचं असं होतं. भिकाजी आयुष्यभर एसटीत कंडक्टर. 'पुढे सरका' याच्यापुढे संभाषण वाढवायची त्यांना सवय नव्हती. मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हाही फोनवर बोलायची ती सीता, त्याची आई. ती बोलायची आणि फोन ठेवून भिकाजींना सांगायची, "बरो आसा तो." भिकाजींना तेवढं पुरायचं. सीता गेली आणि फोन भिकाजींकडे आला. दर रविवारी तो वाजायचा.

"जेवलंस?"

"होय. तुमी?"

"होय. पाऊस आसा थंय?"

"नाय."

"हंय आसा. बरा, ठेवतंय."

दोघेही आपापल्या जागी फोनकडे पाहत राहायचे, आणि दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला काहीतरी काम असेल.

मग सीतेच्या वर्षश्राद्धाला सर्वेश आला. पाहुणे गेले, भांडी घासून झाली, दुपार काही सरेना. पडवीत बापलेक दोन टोकांना आडवे झाले होते. न राहवून सर्वेशने लॅपटॉप उघडला आणि पहिला चित्रपट लावला. भिकाजी चष्मा शोधून आणून शेजारी बसले. चित्रपट संपल्यावर म्हणाले, "ह्या ठाण्यातल्या माणसांका तेना खावक नाय."

"मगे खंय गेली ती?"

"पळण केल्यानी. येवढा साधा तुका कळणा नाय? जागो मोकळो करून दिल्यानी. मगे हे इले, न इचारता, न सांगता. नारळ नाय, देवाक गाराणा नाय. तो काय गप रवतलो? तो राक्षस नाय, झिला. थंयचो राखणदार तो."

सर्वेश हसला नाही. जगभर या चित्रपटांचे वेडे होते आणि त्यांचा एक गट होता. तिथे त्याने बापाचं म्हणणं इंग्रजीत मांडलं. दोन दिवसांत त्यावर हातघाई झाली. ब्राझीलच्या एका बाईंना ते तंतोतंत पटलं. पोलंडच्या एका गृहस्थाने विचारलं, ही माणसं मग परत कधी येतात? भिकाजींनी उत्तर धाडलं, कौल मिळाल्यार. कौल म्हणजे काय, हे इंग्रजीत समजावून सांगण्यात सर्वेशचा अख्खा रविवार गेला, आणि त्यासाठी त्याने बापाला चारदा फोन केला.

तेव्हापासून रविवार भरून आला होता. वळवळ्याला डोळे का नाहीत, तो पाण्याला का भितो, दुसऱ्या चित्रपटात म्हाताऱ्याला त्याने का सोडलं. मधेच कुठेतरी सर्वेश सांगून जायचा की साहेब बदलला. मधेच कुठेतरी भिकाजी सांगून जायचे की गुडघा दुखतो. वळवळ्याच्या पाठीवर बसून अशा पुष्कळ गोष्टी इकडून तिकडे जात.

आणि आता त्याचं मूळ कळणार. कळल्यावर बोलायचं काय?

राहुटीच्या बांबूला झाप बांधत असताना सर्वेशने विषय काढलाच.

"बाबा, शनवारी दुपारचो शो आसा, कणकवलेक. दोन तिकिटा काढलंय."

भिकाजींनी मारलेली गाठ सोडली आणि पुन्हा मारायला घेतली.

"पळणीत वेस ओलांडूची नाय."

"वेशीच्या भायरच आसंव आपण. रस्तो हयसूनच जाता."

"गाय आसा."

"गाय पिच्चर बघणा नाय, बाबा."

"म्हणानच कोणतरी हवो हंय तिच्याकडे."

चुलीशी बसलेल्या सुभद्राआत्याने फुंकणी खाली ठेवली. "मी येतंय. एसी आसा मां थंय?"

"आते, आधीचे तिनाय पिच्चर तू बघूक नाय."

"मगे काय झाला? ही आधीची गोष्ट मां? म्हणजे पयलो ह्योच. मी पयल्यापासून बघतंय. मधसून सुरू केलास ते तुमी."

सर्वेशने बापाकडे पाहिलं.

"तुमका बघूचोच नाय काय, बाबा?"

"डोळे दुखतत," भिकाजी म्हणाले. डोळे त्यांचे कधीच दुखत नसत. दुखायचा तो गुडघा.

शनिवारी आत्या इस्त्रीचं लुगडं नेसून, केसात अबोली माळून रिक्षात बसली. शेजारच्या राहुटीतल्या मंगेशने, "आते, लग्नाक चललंस काय?" विचारलं, तर म्हणाली, "मेल्या, राक्षस बघूक चललंय. तुझा तोंड रोज बघतंय, आज दुसरो."

रिक्षा गेली. भिकाजींनी गायीला पाणी दाखवलं. राहुटीपुढची जागा झाडली. मंगेशने पत्ते खेळायला बोलावलं, तर नको म्हणाले आणि माडाच्या ओंडक्यावर बसून पुढल्या रविवारची तयारी करू लागले. काय काय सांगण्यासारखं आहे, ते एकेक मनात मांडून पाहू लागले. आंब्याला मोहर आला, हे एक. त्यावर तो म्हणेल, 'बरा.' विहिरीवरचा पंप बिघडला, हे दुसरं. त्याला थोडा जीव होता, पण तो दुरुस्त झाला की तिथेच संपणार. सर्वेशच्या लग्नाचा विषय होता. त्या विषयाने मात्र फोन वाढत नाही, तुटतो. सीता काय बोलायची त्याच्याशी एवढं? त्यांनी आठवून पाहिलं. भाजीला काय केलंस, सदरा कोणता घातलायस, खोलीवरचा मुलगा घोरतो का अजून. विचारायला काही कठीण नव्हतं. भिकाजींनी गायीकडे पाहून हलक्या आवाजात म्हणून पाहिलं, "सदरो खंयचो घातलंस?" आणि कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं.

खाडीपलीकडे त्यांचं गाव दिसत होतं. माडांच्या खाली कौलं, कुठे धूर नाही, हाक नाही. लहानपणापासून पळणीत त्यांना एकच उत्सुकता असायची, आपण नसताना आता तिथे काय चाललं असेल. आज कणकवलीत काय चाललं असेल, तेवढंच डोक्यात होतं.

उन्हं उतरताना रिक्षा परत आली. आत्या उतरली ती नाक ओढत. डोळे लाल.

"काय गो, रडलंस काय?"

"एसीन चुरचुरतत," असं म्हणून ती तडक राहुटीत शिरली.

सर्वेशने रिक्षावाल्याला वाटेला लावलं आणि हात झाडत आला. "बाबा, फसवल्यानी."

"म्हणजे?"

"काय्येक दाखवक नाय. दोन तास सगळे एका दाराकडे चलत रवतत. शेवटाक दार उघडता, उजेड पडता, नि संपता. आता म्हणे पुढच्या पिच्चरात."

"मूळ नायच दाखवल्यानी?"

"नाय."

"सुभद्रे?"

"नाय रे दादा!" आतून आवाज आला. "काय्येक नाय. दार नि उजेड. उजेड नि दार. बस."

भिकाजींनी गायीपुढे पेंढा टाकला. गायीपुढे पेंढा होताच. तिने आधी पेंढ्याकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खा गो, खा. सण आसा." आणि चुलीसाठी लाकडं फोडायला, गुडघा विसरून, उकिडवे बसले.

दिवेलागणीला तिघं जेवायला बसले. भात, बांगड्याचं तिखलं, आत्याच्या बरणीतलं लोणचं. शेजारच्या राहुट्यांतून मुलांचा गलका येत होता. भिकाजींना भूक लागली होती. दारामागे काय असेल यावर त्यांनी दोन-तीन शक्यता बोलून दाखवल्या, सर्वेशने त्या खोडून काढल्या. जगभरच्या माणसांनी आता काय करावं, याचीही चर्चा झाली. आत्या वाढता वाढता चुलीतल्या निखाऱ्यांकडे पाहत राहिली होती. भाताचा डाव तिच्या हातात तसाच होता.

"कायव म्हणा," ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "आवस ती आवस. तसल्या रूपाचो झील झालो, तरी छातीक धरल्यान मां तेका."

भिकाजींनी लोणच्याची फोड ताटाच्या कडेला ठेवली.

"कोणाची आवस?" भिकाजींनी विचारलं.

सर्वेशची बोटं भातातच राहिली. आत्याने डाव भाताच्या टोपात खुपसला.

"ती... माझ्या बाजूक बसलेली बाय. पोर घेवन इल्ली. मेला सारख्या रडा होता."

"नि रूपाक काय झाला तेच्या?"

"नाक गळा होता," आत्या म्हणाली, आणि भाताला काही हवं नसताना भात ढवळू लागली.

भिकाजींनी मुलाकडे पाहिलं. सर्वेश ताटातल्या बांगड्याचे काटे काढत होता. काटे केव्हाच काढून झाले होते. त्याने मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते. सीता कधी क्वचित खोटं बोलली, तर तिचेही असेच व्हायचे. म्हणून ती फार बोलायची, कान झाकायला.

रविवारची काळजी फक्त आपल्याच घरात मुक्कामाला आहे, असं भिकाजी इतके दिवस धरून चालले होते. एवढा लांबचा प्रवास करून पोर आलं, तिकिटं काढली, दोन तास अंधारात बसलं, मूळ पाहिलं. आणि ते इथे, बापासमोर, कौलाशिवाय गिळून बसलं होतं.

त्यांनी आपल्या ताटातली बांगड्याची मधली तुकडी उचलली आणि सर्वेशच्या ताटात ठेवली. हे काम सीतेचं. सर्वेशने चमकून पाहिलं. तोवर भिकाजी भात कालवू लागले होते.

"मी काय म्हणतंय," ते म्हणाले. "त्या दारामागे वळवळो नसतलोच."

"मगे?"

"वळवळ्याक भियान लपलेलो दुसरोच कोणतरी. वळवळ्यापेक्षा म्होटो. दार आतसून लावन बसलेलो. तुका काय वाटता?"

सर्वेशने बापाने दिलेली तुकडी मोडली.

"पटणा नाय, बाबा," तो म्हणाला. "म्होटो आसा, तर तो भियात कित्याक?"

"सांगतंय," भिकाजी म्हणाले, आणि सर्वेशने ताट जरा जवळ ओढून मांडी घट्ट घातली.