बरगड्यांचा भाव

घरच्या दोन डुकरांचं मांस विकायला काढलं, तेव्हा भाव सुनेनं ठरवले आणि गिऱ्हाइकांपुढे सासूबाई बसल्या. दुपारपर्यंत मांडी संपली, खांदा संपला, बरगड्या मात्र फ्रीजरमध्ये तशाच पडून. सुनेला कोडंच पडलं. गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा ती दाराआड उभी राहून ऐकू लागली.

"बरगड्या कशा आहेत?"

"नुसती हाडं हो," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही घरच्या, म्हणून सांगते. खिमा न्या."

सुनेला हसू आवरेना. सासूबाईंचा जीव बरगड्यांवर होता आणि उरलेला माल घरात शिजतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिनं पाटीवर बरगड्यांचा भाव दुप्पट केला.

"छान केलंस गं," सासूबाई खूश झाल्या. "आता कुणी फिरकायचं नाही."

तेवढ्यात बेकरीवाले आले. पाटी वाचून त्यांचे डोळे चमकले. "एवढ्या महाग? मग नक्कीच खास असणार!"

"अहो, नुसती हाडं..."

"कळलं, कळलं! घरच्यांसाठी लपवताय. सगळ्या बांधा."

सासूबाईंनी तोंड कडू करून पुडकं बांधलं, पण ते हातातून सुटेना.

"तुम्हाला येतात का शिजवता?" त्यांनी विचारलं.

"छे हो, आम्ही पाववाले."

"मग वाया घालवाल. चला, मीच येते दाखवायला."

सुनेकडे न बघता त्यांनी चपला घातल्या. त्या दिवशी घरी त्यांचं ताट मांडावंच लागलं नाही.