सुवर्णाच्या गालाची स्लाइड

अठरा वर्षं झाली, अकरावीच्या पोरांना मी गाल खरवडायला लावते. मांडवगण फराट्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी बायोलॉजी लॅबची अटेंडंट. नाव धुरपदा, पण पोरं मावशी म्हणतात आन् सरबी मावशीच म्हणतात. टूथपिकची बोथट बाजू गालाच्या आतनं हळू फिरवायची, जे येईल ते काचेच्या स्लाइडवर पसरायचं, वाळलं की निळ्या रंगाचा एक थेंब. वरनं पातळ कव्हरस्लिप तिरकी धरून सोडायची, न्हाईतर बुडबुडे येतात आन् पोरं बुडबुड्यालाच सेल समजून वहीत काढतात. असली येडी दर वर्षी दोन-चार निघतातच.

मला बापानं सातवीतनं काढली. पण गालाचा सेल कसा दिसतो ते मला झोपेत उठवून विचारा. फिक्कट, पसरट, कडा वेड्यावाकड्या, आन् मधोमध एक बारका निळा ठिपका. तो न्यूक्लियस. हजारभर पोरांचे गाल बघितले असतील मी, सगळ्यांचं आत एकच.

आता मुद्द्याचं सांगते. दिवाळीपासनं माझ्या डाव्या गालात आत एक पांढरा डाग हाय. वाटाण्याएवढा. दुखत न्हाई, पण तिखट लागलं की आग होती, आन् जीभ दिवसभर तिथंच जाती. मी बावीस वर्षं मिशरी लावते. तंबाखू तव्यावर काळी होस्तोवर भाजायची, कुटायची, आन् सकाळ-दुपार दाताला लावून निवांत बसायचं. त्याबिगर माझं डोकंच चालत न्हाई. आमच्या आळीतली सुरेखा असाच एक डाग घेऊन पुण्याला गेली होती. परत आली तवा तिचा अर्धा जबडा काढलेला होता, आन् वर्षभरात तीबी गेली. म्हणून मी कुणाला काही बोलले न्हाई. मालकांना न्हाई, पोरीला न्हाई. दवाखान्यात गेलं की ते नाव सांगणार, आन् नाव सांगितलं की संपलं, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

पण सोमवारी प्रॅक्टिकल आटोपलं, पोरं गेली, आन् मायक्रोस्कोप पुसता पुसता मला काय सुचलं कोण जाणे. दार लोटलं. टूथपिक घेतली आन् त्या डागावरनंच फिरवली. स्लाइड केली. आधी दहाच्या लेन्सनं बघितलं, मग पंचेचाळीसच्या.

सेल होते, पण पोरांसारखे न्हाईत. काहींत ठिपकाच नव्हता. काहींत होता तो चांगला थोराड, गडद, निम्मा सेल व्यापून बसलेला. आन् सगळीकडं काळे टोकदार कण पडलेले. ते काय ते कळंना, म्हणून डबीतली चिमूटभर मिशरी पाण्यात घालून लेन्सखाली धरली. तेच कण. पोरांच्या स्लाइडीत असलं कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बायोलॉजीच्या सॅम्युएल सरांना आडून विचारलं. सर केडगावचे, मिशनच्या चर्चमागं राहतात, शांत माणूस.

"सर, एखाद्याच्या सेलात न्यूक्लियस मोठा दिसला तर काय म्हणायचं?"

"रंग जास्त झाला असंल, मावशी. न्हाईतर खरवडताना खोल गेलं असंल. आपल्या मायक्रोस्कोपवर त्यातलं काही ठरवता येत न्हाई." मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "कुणाचा हाय?"

"हाय एका पोराचा."

"मग त्याला म्हणावं डॉक्टरला तोंड दाखव. उगं वाट बघू नको."

मला राग आला. कुणी सांगितलं होतं खरं बोलायला? रंग जास्त झाला एवढंच म्हणून थांबले असते तर काय बिघडलं असतं. त्या दिवशी मी बरण्या आपटून आपटून धुतल्या, आन् एक फोडलीबी.

दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. मग मी माझ्यापुरता हिशेब मांडला. ही पोरं सोळा वर्षांची, कुणाकुणाच्या घरातली. त्यांचे सेल आन् माझे सारखे कसे असतील? बघायचा तर माझ्याच रक्ताचा गाल बघायचा, पण मिशरी न लागलेला. तिथंबी ठिपके थोराड निघाले तर मग ती आमच्या घरचीच ठेवण, डागाचा काही संबंध न्हाई. येडेपणाच होता. पण जीव टांगणीला लागल्यावर माणूस शहाणपणानं कुठं वागतं.

माझी सुवर्णा चोवीस वर्षांची. कारेगावला दोघी-तिघींत खोली करून राहती, कंपनीत पार्ट तपासती. तिला सुट्टी गुरुवारी. आदल्या दिवशी संध्याकाळी आली. गुरुवारी दुपारी मी तिला डबा घेऊन कॉलेजात बोलावलं.

"जरा बस. तुझ्या गालाची स्लाइड करायची हाय," मी म्हणाले. "सरांना उद्याच्या तासाला दाखवायला पायजे."

"माझीच कशाला? एवढी पोरं हायती की."

"पोरं घरी गेली. दोन मिनटाचं काम हाय."

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, तोंड धुऊन येते, आन् नळावर बराच वेळ चुळा भरत राहिली. मला वाटलं, जेवली असंल. मी तिचा गाल खरवडला, स्लाइड केली, आन् देवाचं नाव घेऊन डोळा लावला.

दहाच्या लेन्सला नुसती निळी झाक दिसली. पंचेचाळीसची लावली. हळूहळू सेल स्पष्ट झाले. फिक्कट, पसरट, मधी बारका ठिपका. दुसरा बघितला, तिसरा बघितला. पोरीचे सगळे सेल चांगले होते, अगदी त्या हजार पोरांसारखे. म्हंजी आमच्या घरची ठेवण वगैरे काही न्हाई. जे हाय ते माझ्या एकटीच्या गालात हाय. डोळा काढायचंबी सुधरंना, म्हणून स्लाइड तशीच सरकवत राहिले.

आन् कडंला, सेलांच्या मधी, काळे टोकदार कण दिसले.

आधी वाटलं, माझ्या हाताचं लागलं असंल. पण हात मी साबणानं धुतले होते. नवी काच घेतली, नवी टूथपिक घेतली. "परत तोंड उघड," म्हणाले. उजव्या बाजूनं घेतलं. परत तेच.

"कवापासनं लावतीस?" मी विचारलं.

"काय?"

"मिशरी."

ती आधी हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली.

"वर्ष झालं असंल. रात्रपाळीला झोप येती, आई. आठ-आठ तास उभं ऱ्हावं लागतं, डोळा लागला की पार्ट चुकतो आन् सुपरवायझर सगळ्यांपुढं बोलतो. लाइनवरच्या निम्म्या पोरी लावतात. जरा लावली की तरतरी येती."

"तुला लाज न्हाई वाटली?"

"लाज कसली त्यात? तू न्हाई का लावत?" ती डब्याची पिशवी आवरायला लागली. "मला कळतंय तवापासनं लावतीस. तुला काय झालंय? ठणठणीत तर हायस."

एरवी मी तिच्या थोबाडीत दिली असती. हात उचललाबी. पण ती खरंच बोलत होती. ठणठणीत आईकडं बघूनच ती शिकली, आन् ती ठणठणीत आई मीच इतके महिने तोंडाला कुलूप घालून तिला दाखवत होते.

मी उठून दार लोटलं. तिच्याच मोबाइलची बॅटरी लावून तिच्या हातात दिली. खिडकीशी उभी राहिले, डावा गाल बोटानं ओढून धरला आन् तोंड उघडलं.

ती वाकून बघाया लागली. मग बॅटरीचा उजेड त्या डागावर येऊन थांबला.

मी तोंड मिटलं. "मला लई भ्या वाटतंय गं," म्हणाले. "उद्याची कंपनीतली पाळी बुडव आन् माझ्यासंगं दौंडच्या दवाखान्यात चल."