लोखंडी कावळ्याची कंबर

दर सोमवारी सकाळी माझ्या कॉफीच्या दुकानात तीन म्हातारे कमरेवरून भांडतात. बाईच्या कमरेवरून भांडले असते तर मी समजून तरी घेतलं असतं. ही कंबर असते रोबोची. वीतभर उंचीच्या, विमानाचा माणूस आणि माणसाचं पुन्हा विमान होणाऱ्या खेळण्याची.

ओरितोंचं आमच्या ओसूच्या बाजारात सलून आहे आणि सलूनं सोमवारी बंद, म्हणून वार सोमवार. त्सुगे शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले तरी समोरच्याची चूक दिसली नाही असा त्यांचा दिवस जात नाही. तिसरे कुरामोची. ते कवळ्या बनवायचे. अर्धं ओसू त्यांनी घडवलेल्या दातांनी जेवतं, आणि त्यात त्सुगेही आले. त्यामुळे वाद चढला की कुरामोचींचं ठरलेलं वाक्य येतं, "माझेच दात लावून माझ्यावरच गुरगुरतोस होय रे?"

यंदा भांडणाला मोठंच निमित्त मिळालं. या तिघांच्या पोरवयात टीव्हीवर तेत्सुगारासू नावाचा एक लोखंडी कावळा यायचा. कावळ्यासारखं दिसणारं विमान, त्याचा क्षणात रोबो व्हायचा आणि दुष्टांना बदडायचा. त्याला अर्धशतक झालं म्हणून दोन कंपन्यांनी एकाच हंगामात दोन कावळे बाजारात आणले, आणि माझ्या दुकानाची फाळणी झाली.

पहिल्याला आम्ही म्हणतो देखणा. बारीक कंबर, लांब पाय, उभा केला की दृष्ट लागावी. पण त्याचा कावळा करायचा तर हातांवरचे छोटे पंख काढायचे, डब्यातले मोठे लावायचे, तांदळाएवढी चोच वेगळी बसवायची. दुसरा सोवळा. तो एकही तुकडा अंगावेगळा होऊ देत नाही; पंख, चोच, नखं, सगळं घडी करून स्वतःच्या पोटात ठेवतो. साहजिकच पोट सुटलंय आणि कंबर माझ्याहून जाड आहे. त्सुगेंनी देखणा घेतला, ओरितोंनी सोवळा. राहिले कुरामोची. त्यांच्या घरी रोबोंच्या कपाटात एकच कप्पा रिकामा होता आणि ते घेतील तो कावळा जिंकणार होता. हरणाऱ्याने वर्षभर कमरेचं नाव काढायचं नाही, असं ठरलेलं.

मग काय, निवडणूकच लागली. ओरितोंनी कुरामोचींची दाढी फुकट केली. त्सुगेंनी त्यांच्या टोस्टवर लोण्यासोबत लाल चवळीचं पुरण सांगितलं, आपल्या पैशाने, जे मी त्या माणसाला कधी करताना पाहिलं नव्हतं. कुरामोची दोघांचंही खाऊन-पिऊन म्हणायचे, "बघू. हातात घेतल्याशिवाय मी बोलत नाही."

हा नियम त्यांचाच. नवा रोबो घेण्याआधी सगळे माल टेबलावर शेजारी ठेवायचे आणि घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने फिरवून, म्हणजे रोबोचं विमान करून, बघायचे. डब्यावरचं चित्र बघून घेणारा फसतो, असं ते म्हणायचे. त्यांना शोभायचंही ते. कुरामोची कॉफी पीत, गप्पा मारत, बोटांकडे न बघता रोबोचं विमान करायचे. शेजारच्या टेबलावरची माणसं खाणं थांबवून बघत राहायची. मीसुद्धा बघायचे, आणि टोस्ट करपायचे.

पण गेल्या शरदापासून मला काहीतरी खटकत होतं. आमच्याकडे सकाळच्या कॉफीबरोबर उकडलेलं अंडं येतंच, आणि कुरामोची ते न सोलता ठेवून जायला लागले. म्हणाले, डॉक्टरांनी बंद केलंय. डॉक्टरांनी अंडं बंद केलं आणि लोणी चालू ठेवलं? मग कपाचा कान सोडून दोन्ही तळव्यांनी कप उचलताना मी त्यांना पाहिलं.

शेवटी एका मंगळवारी दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, ते एकटेच आले.

"हिसाए-सान, जुनी खेळणी विकत घेणारं कुणी भरवशाचं आहे का तुमच्या ओळखीत?"

"का? घर बदलताय?"

"घर नाही." त्यांनी हात टेबलावर ठेवले. सांधे आल्याच्या गाठींसारखे सुजलेले. "सकाळी तर मूठही वळत नाही. घरातला एकही रोबो आता माझ्या हातून फिरत नाही. आणि न फिरणारा रोबो म्हणजे बाहुलं. बाहुल्या मी जमवत नाही."

"मग सोमवारचं काय?"

"फिरवून बघतो ना. दोघांतला एक जरी फिरला, तर तो घेतो. नाही फिरला, तर सगळं विकतो आणि सोमवारचं येणंही बंद."

"कॉफी प्यायला बोटं लागत नाहीत, कुरामोची-सान."

"ते दोघं मला फिरवून दाखवतील. हळू आवाजात बोलतील. ते मला चालणार नाही. आणि त्यांना सांगाल तर बघा."

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. म्हाताऱ्यांच्या आठवणींवर धंदा करायचा आणि खेळणं मात्र वीस वर्षांच्या पोराच्या बोटांसाठी बनवायचं? शिवाय माझाही स्वार्थ होता, तो कशाला लपवू? मी दुकानाच्या माडीवर एकटी राहते. सोमवार गेला तर माझ्या आठवड्यात कॉफीचा चोथाच उरतो.

दुसऱ्या दिवशी लोणचं आणायला बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. तिथे वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या चपलांशेजारी तिसरा कावळा लटकलेला. चार वर्षांच्या पोरांसाठीचा, हलका, प्लास्टिकचा. पंख जाड, चोच बोथट, रंग भडक. तो घरी आणला, डबा फाडला, भांडी घासायचे रबरी हातमोजे एकावर एक असे दोन जोड चढवले आणि फिरवायला बसले. बोटं वाकेनात, चिमटीत काही येईना. तरी छातीवरचा लाल भाग तळव्याने दाबला आणि शेपूट आकड्यासारख्या बोटाने ओढली, की कावळ्याचा रोबो. पुन्हा ओढली, की रोबोचा कावळा. मी त्याचं नाव ठेवलं बाळबोध.

सोमवार उजाडला. त्सुगेंनी टेबलावर मऊ कापड अंथरलं आणि माझे चमचे चार हात लांब ठेवले, ओरखडा नको म्हणून. देखणा आणि सोवळा समोरासमोर उभे राहिले.

"आधी कंबर बघ," त्सुगे म्हणाले.

"कंबर काय बघायचीय? सोयरीक जुळवतोस?" ओरितो म्हणाले.

"जुळवायची असती तरी तुझ्या ढेरपोट्याला कुणी मुलगी दिली नसती."

"ढेरपोट्या असेल, पण धड आहे. तुझ्या देखण्याचे हातपाय डब्यात आणि हा बाहेर. युद्धाला निघाला तर मागून पेटी घेऊन हमाल पाठवावा लागेल."

कुरामोची हसले आणि त्यांनी देखणा उचलला. पंखाची खुंटी दोन बोटांत धरली. सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा पंख निघाला, पण शेजारी काढून ठेवलेली चोच धक्क्याने उडाली आणि माझ्या फ्रिजखाली गेली. त्सुगे गुडघ्यांवर बसून ती शोधायला लागले.

"फार बारीक काम आहे," कुरामोची म्हणाले. "हरवतं."

"मग सोवळा घे," ओरितो खुशीत म्हणाले.

सोवळ्याची कंबर आधी खेचून लांब करावी लागते. कुरामोचींनी खेचली. काही हललं नाही. पुन्हा खेचली, कपाळावर घाम आला.

"सांधा चुकीचा बसवलाय," ते म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," ओरितो सवयीने बोलून गेले. मग त्यांची नजर कुरामोचींच्या हाताकडे गेली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्सुगे फ्रिजखालून उठत होते, तेही तिथेच थांबले.

"नवा आहे ना," ओरितो अगदी हळू आवाजात म्हणाले. "घट्टच असतो. दे, मी करून..."

कुरामोचींनी सोवळा कापडावर ठेवला, नीट, उभा, आणि टोपीकडे हात नेला.

मी काउंटरमागून बाळबोध आणला आणि दोघांच्या मधोमध आपटला. मऊ कापडावर, पण आपटला.

"इतकी वर्षं माझ्या टेबलावर भांडताय, माझं मत एकदा तरी विचारलंत? हा माझा उमेदवार."

तिघेही बघत राहिले. ओरितोंना आधी कंठ फुटला. "याचा डबा कुठाय?"

"टाकला."

"टाकला म्हणजे? आत ठेवलाय ना?"

"पुठ्ठ्याचा कचरा नेतात त्या दिवशी दोरीने बांधून बाहेर ठेवला. गाडी घेऊन गेली."

ओरितो खुर्चीत बसले. डब्याशिवाय आणलेला रोबो आणि अंत्ययात्रेला हिरवे मोजे घालून आलेला माणूस त्यांच्या लेखी सारखेच. त्सुगेंनी चष्मा वर केला. "आणि डोळ्याचा कागद तिरका चिकटवलाय. हा तिरळा आहे."

"चिकटवताना दूध उतू गेलं. कुरामोची-सान, नियम तुमचाच ना, हातात घेतल्याशिवाय बोलायचं नाही? मग घ्या हातात, आणि या दोघांना गप्प करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय केलंय ते त्यांना कळलं, आणि क्षणभर ते इतके चिडले की आता हा माणूस माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही असं मला वाटलं. मग त्यांनी बाळबोधाच्या छातीवर तळवा ठेवला, वाकडं बोट शेपटीत अडकवलं आणि ओढलं.

खट्ट. दोन्ही पंख उघडले, चोच बाहेर आली, कावळा.

ते बघतच राहिले. पुन्हा ओढलं. खट्ट. रोबो.

मला रडू येत होतं, म्हणून मी फडकं घेऊन पुसलेलंच टेबल पुसायला लागले.

त्सुगे खाकरले. "याला कंबरच नाही," ते मोठ्याने म्हणाले. अगदी वर्गात म्हणत असतील तसं. "सरळ ओंडका आहे. चोच बोथट. रंग पोरांच्या चपलांचा. असला माल तू घेणार?"

"चपलांचा?" कुरामोचींचा आवाज चढला. "तू टीव्हीवर बघितला होतास का कधी, की भूगोलाचे नकाशेच रंगवत होतास? तेत्सुगारासू एका दमात फिरायचा. कावळा, की लगेच रोबो. तुझा देखणा पंख शोधत बसतो, तोवर शत्रू जेवून, वामकुक्षी घेऊन जाईल. खरा तेत्सुगारासू असला तर हाच आहे."

"एका दमात? मला नाही दिसलं."

"आत्ता केलं ना तुझ्यासमोर."

"मी फ्रिजखाली होतो."

"फ्रिजखालून उठला होतास."

"पुन्हा कर."

कुरामोचींनी फिरवला. खट्ट.

"माझा तरी सोवळा यापेक्षा..." म्हणत ओरितोंनी बाळबोध उचलायला हात पुढे केला. त्सुगेंनी तो हात बाजूला सारला. "तू मध्ये पडू नकोस. वाद माझा चाललाय. कुरामोची, डावा पंख उशिरा उघडला."

"बरोबर उघडला."

"उशिरा. पुन्हा कर."

खट्ट. त्सुगे पाणी मागायला काउंटरपाशी आले, तेव्हा मी त्यांच्या कानाशी लागले. "त्सुगे-सान, तुम्हाला आधीच कळलं होतं का?"

"कुजबुजू नका, हिसाए-सान," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या दुकानात असला कावळा विकायला आला असता, तर मी दारातून परत पाठवला असता." त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांना दुकान नाही, कधी नव्हतं.

ते परत जाऊन बसले. ओरितोंनाही तोवर उमगलं असावं, कारण तेही आवाज चढवून म्हणाले, "चोच तर मला अजून एकदाही बाहेर येताना दिसली नाही."

"तुम्हा दोघांनाही डोळे नाहीत," कुरामोची म्हणाले. टोपी कधीची खुर्चीखाली पडली होती. "आणखी किती वेळा करू?"

"पटेपर्यंत," त्सुगे म्हणाले.

जेवायची वेळ झाली तरी त्सुगेंना पटलं नाही. पुढच्या सोमवारी कुरामोची आले, तेव्हाही पटलेलं नव्हतं.