पाला कुणी घातला

सारोंगची शिवण बाहेरच्या बाजूला.

थर्मासमध्ये गरम पाण्याच्या जागी शेळीचं दूध. चहासाठी ओतायला जावं तर तोंडाशी साय अडकते.

साबुकंदाचं पान पसरलेल्या पंज्यासारखं असतं. ताजं असलं की बोटांत करकरतं. सावलीत एक दिवस पसरून ठेवलं की धुऊन धुऊन विरलेल्या बातिकसारखं मऊ पडतं, आणि त्याचा आवाज जातो.

बाताम बेटावरून लेकीचा फोन. "आई, बाबांनी आज विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, सुलिस. तर म्हणाले, सुलिस शाळेत गेलीय, संध्याकाळी कर."

लवंगेच्या झाडाखाली उकरलेली माती, वर दगड रचलेले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

एक तपकिरी शेळी, जिचं एक शिंग मोडलेलं आहे. ती या घरात कुणीच पाहिलेली नाही. म्हणजे, आता या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणीच.

*

जावातल्या मेनोरेह डोंगराच्या उतारावर घरं एकाखाली एक बसलेली आहेत. वरच्या घराचं अंगण खालच्या घराच्या कौलांच्या पातळीला येतं, आणि प्रत्येक घराला लागून खांबांवर उचललेला शेळ्यांचा गोठा असतो. खाली लेंड्या पडतात, वर शेळ्या राहतात, आणि त्यांचे लांब लोंबते कान फळ्यांच्या फटींतून बाहेर डोकावत असतात. दार्मोच्या गोठ्यात दोघी होत्या. मेनूर, काळ्या डोक्याची, पांढऱ्या अंगाची, पंचक्रोशीत नाव असलेली दुधाळ. आणि तिचीच लेक ब्लिरिक, ठिपक्याठिपक्यांची, पहिलटकरीण, खोडकर.

शेळी आजारी पडली की लोक आधी दार्मोकडे येत. तो शेळीच्या पोटावर कान ठेवायचा, खालचा ओठ मुडपून हिरडी बघायचा, आणि काय खाल्लं ते सांगायचा. कुठल्या बांधावरचं खाल्लं तेही. कधी कधी ते खरंही असायचं.

आता तो विसरत होता. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, रुमिनाला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे वाढत जाईल, हातांना सवय असलेली कामं त्यातल्या त्यात शेवटपर्यंत टिकतील, ती काढून घेऊ नका. रुमिनानं एवढंच धरून ठेवलं. सारोंग उलटं नेसला तर नेसू दे. नमाजाला जाताना वाट चुकला तर कुणीतरी आणून सोडेल. पण पहाटे तो मेनूरच्या कासेला कोमट पाण्याचं फडकं लावायचा, सड दोन बोटांत धरायचा आणि धार सुरू व्हायची, तेव्हा तो सगळाच्या सगळा दार्मो असायचा. शेळीच्या बरगडीला कपाळ टेकून पुटपुटायचा. काय ते रुमिनानं कधी विचारलं नव्हतं. नवराबायकोत विचारू नये असं थोडंफार असतं.

*

त्या दिवशी रुमिना भात कांडायच्या गिरणीतून परतत होती. अंगणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवला आणि तिला आवाज ऐकू आला. करकर, करकर. शेळीच्या दाढांखालचा.

सुकवून मऊ पडलेला पाला असा वाजत नाही, आणि ताजा म्हणजे शेळीला विष.

तांदळाचं पोतं तिथंच टाकून ती धावली. दार्मो गोठ्यापुढं उभा होता, हातात बांधावरच्या जाड खोडाच्या साबुकंदाच्या फांद्या. ते कडू झाड. ते कुंपणासाठी लावतात. त्याचा पाला वाळवूनसुद्धा लोक जपून घालतात. फांद्यांच्या तुटल्या टोकांतून चीक गळत होता आणि दार्मोच्या बोटांवर पांढरा थिजत होता.

"खातेय बघ कशी," तो म्हणाला. "भूक लागली होती बिचारीला."

रुमिनानं फांद्या ओढून घेतल्या, बाहेर फेकल्या. ब्लिरिक पलीकडच्या कप्प्यात होती, तिच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. मेनूरनं मात्र टोपलीभर पाला संपवला होता. ती अजून चघळत होती, आणि रुमिनाकडं त्या तिच्या शहाण्या, आडव्या बाहुल्यांच्या डोळ्यांनी बघत होती.

मग तिचे पुढचे गुडघे वाकले.

शेजारचा तुगी रुमिनाची हाक ऐकून धावत आला, त्यानं उतारा म्हणून झाडावरून हिरवं शहाळं पाडून आणलं. दोघांनी मिळून तिचा जबडा उघडला, पाणी ओतलं. अर्धं फेसाबरोबर बाहेर आलं. पोट ढोलासारखं ताणलं. श्वास असा, की प्रत्येक वेळी वाटावं, हाच.

दार्मो बाजूला उभा होता. गडबडीनं तो गांगरला होता, आणि गांगरला की त्याच्या डोक्यातली मागची सगळी पानं उडून जायची. मग तो खाली बसला. मेनूरचं डोकं मांडीवर घेतलं, ओठ मुडपला. हिरडी लालभडक होती. आणि तेवढ्यापुरता जुना दार्मो परत आला.

"ताजा पाला खाल्लाय हिनं," तो म्हणाला. "बांधावरच्या कडू झाडाचा."

तुगीनं कमरेची सुरी काढली. दार्मोला तो थोरल्या भावासारखं कांग म्हणायचा. "कांग, वेळ घालवू नका. अजून जीव आहे तोवर बिस्मिल्ला म्हणून फिरवू. नंतर काही उपयोग नाही."

"दुधाच्या शेळीवर सुरी?"

"मरतेय ती, कांग."

"मरतेय ते मला दिसतंय. तू सुरी ठेव." दार्मोनं मान वर केली. त्याचा आवाज शांत होता, आणि तोच रुमिनाला सोसेना. "पाला कुणी घातला?"

तुगीनं दार्मोच्या बोटांवरचा पांढरा चीक पाहिला. त्यानं तोंड उघडलं.

"मी," रुमिना म्हणाली.

तुगीचं तोंड उघडंच राहिलं. दार्मो तिच्याकडं बघत राहिला. तिला वाटलं, कळलं याला. आता हा स्वतःच्या हातांकडं बघेल. तिनं ओढणीचं टोक शहाळ्याच्या पाण्यात ओलं केलं आणि, शेळीचा फेस पुसायच्या निमित्तानं, त्याची बोटंही पुसून टाकली.

"परत?" दार्मो म्हणाला.

एवढंच. मेनूरनं मागचा पाय एकदा लांब ताणला, जसा ती धार काढून झाल्यावर ताणायची, आणि तो परत जवळ घेतला नाही.

*

"खोटं का बोललीस, यू?" खड्डा खणता खणता तुगीनं विचारलं. तो तिला यू म्हणायचा, ताई म्हणावं तसं.

"त्याला कळलं तर तो परत गोठ्यात पाय ठेवणार नाही."

"उद्यापर्यंत विसरेल की तसंही."

"विसरेल. पण आज रात्रभर त्याला माहीत असेल ना?"

तुगीनं कुदळ टेकली. "माझ्या बायकोनं माझ्यासाठी एवढं केलं असतं तर मी मिशी काढून टाकली असती."

"तुझ्या मिशीत आहे काय काढण्यासारखं," रुमिना म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

*

विसरेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण दार्मोच्या डोक्यात कुठला खिळा कुठं रुतेल ते कुणाच्या हातात नव्हतं. सुलिसचं नाव गळालं. उपास कधीचा, ईद कधीची, ते गळालं. हे रुतून बसलं.

"माझ्या बायकोनं शेळी मारली," तो चहाच्या टपरीवर सांगायचा. मशिदीच्या ओट्यावर सांगायचा. दूध गोळा करायला मोटारसायकलवरून यांतो यायचा, त्याला रोज नव्यानं सांगायचा. रागानं नाही. जरा खालच्या आवाजात, घरातली गोष्ट बाहेर सांगावी लागते तसं.

गुरुवारी बायका कुराणातलं यासीन वाचायला जमल्या की थट्टा व्हायची. "यू रुमिना, शेळी मारलीस, आता म्हाताऱ्याच्या ताटात काय घालतेस ते बघून घाल हो." त्यातली एक तर वाटीतली भाजी हुंगायची आणि डोळे मिचकवायची. रुमिनाही हसायची. हसायलाच हवं होतं, नाहीतर कुणीतरी खरं काय ते विचारलं असतं, आणि डोंगरावरच्या गावात खरं एकदा अंगणात सांडलं की सगळ्या खालच्या घरांवरून ओघळत जातं.

सुलिस फोनवर चिडायची. "आई, सांगून टाक त्यांना. तू का ऐकून घेतेस?"

"काय ऐकून घेते? दोन शब्द आहेत."

"रोज आहेत."

"तू रोज फोन करतेस, तेही मी ऐकून घेतेच ना."

मग एकदा यांतो दुधाची कॅन बांधता बांधता हसत म्हणाला, "म्बाह, आज तर आजोबा म्हणतात, ती शेळी तपकिरी होती. एक शिंग मोडलेलं. मी म्हटलं, मेनूर काळ्या डोक्याची होती, मी काय आंधळा आहे? तर मलाच म्हणतात, तू तेव्हा जन्मला तरी होतास का?"

रुमिनाच्या हातातलं दूध गाळायचं फडकं खाली पडलं. तिनं ते उचललं, धुतलं, पिळलं, परत धुतलं.

"म्हातारपण," ती म्हणाली.

"हो ना," यांतो म्हणाला, आणि गाडीला किक मारली.

*

ब्लिरिकचं काय करायचं, हे मात्र रुमिनाला ठरवावं लागलं.

दार्मो तिला गोठ्याच्या शिडीवर पाय ठेवू देईना. काठी घेऊन बसायचा. "तू लांब राहा. तुझ्या हातात काही आहे का? दाखव हात." ती हात दाखवायची, उलटे, सुलटे. तरी नाही. आणि पहारा देता देता तो धार काढायची विसरून जायचा. शेळी वर ओरडत राहायची, खाली शिडीपाशी तो काठी घेऊन बसलेला, कुणापासून राखतोय ते नेमकं ठाऊक असलेला.

पहारा सुरू झाल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी ब्लिरिकची कास दगड झाली. दार्मो दुपारी झोपला असताना रुमिना चोरासारखी वर गेली. सडाला हात लावला तर शेळीनं लाथ मारली. गरम फडकं लावून लावून तिनं पिळलं तेव्हा दुधात गाठी आल्या आणि तांबूस धागा आला. शेळी थरथरत होती. रुमिनानं तिच्या बरगडीला कपाळ टेकवलं, तो टेकवायचा तसं. पुटपुटायला काही सुचेना.

त्याला खरं सांगितलं असतं तर ती शिडी मोकळी झाली असती. ती त्या दिवशी तसं ठरवून खाली उतरली. तो जागा झाला होता आणि पडवीत पाल्याच्या काटक्या सारख्या करत होता, एकेक पान सुटं, एकावर एक येणार नाही असं. त्याची बोटं कशी चालत होती ते बघत ती उभी राहिली. मग तिनं यांतोला निरोप पाठवला.

यांतोनं ब्लिरिकला अर्धलीनं न्यायचं कबूल केलं, म्हणजे करडं होतील ती निम्मी निम्मी. मोटारसायकलच्या मागं बांबूची करंडी बांधली, तिच्यात शेळीला पाय दुमडून बसवलं. कान दोन्ही बाजूंनी लोंबत होते.

"कुठं नेतोय हा तिला?" दार्मोनं विचारलं.

"डोंगराच्या पलीकडं. तिथं चारा चांगला आहे."

"इथं काय वाईट आहे?"

रुमिना करंडीतलं फडकं सारखं करू लागली.

"तुझ्यामुळं," तो म्हणाला. "तुझ्या हातचं तिला सोसायचं नाही म्हणून."

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळं."

यांतो दोघांकडं बघत होता. त्यानं नेहमीसारखं हसून काहीतरी बोलायला हवं होतं, पण तो करंडीची दोरी उगाच पुन्हा आवळत राहिला. गाडी वळणावर गेली तेव्हा ब्लिरिक ओरडली. दार्मोनं हात वर केला, पोरं गाडीला करतात तसा.

*

दुसऱ्या दिवशी तो पहाटे उठला आणि विळा घेऊन पाल्याला गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रुमिनानं विळा तांदळाच्या डब्यात तांदळाखाली लपवला. दिवसभर तो शोधत फिरला, कोंबड्यांच्या खुराड्यात, विहिरीपाशी, शेवटी तुगीच्या दारात जाऊन उभा राहिला, "माझं अवजार तुझ्याकडं आलंय का रे?" तुगीनं हातातलं काम टाकलं आणि आत निघून गेला. संध्याकाळी रुमिनानं विळा होता तिथं खुंटीला लावून ठेवला.

तेव्हापासून तो रोज जातो. भारा आणतो. बांधावरच्या कडू झाडाला तो हात लावत नाही, त्याला वळसा घालून जातो. पडवीत सावलीला पाला पसरतो. दुपारी एकदा उलटतो. दुसऱ्या दिवशी आधीचा भारा गोठ्यात नेऊन रिकाम्या गव्हाणीत घालतो, आणि तो नमाजाला गेला की रुमिना तो काढून लवंगेच्या बुंध्याशी टाकते. त्याला रिकामी गव्हाण दिसते. "खाल्लं सगळं," तो म्हणतो. समाधानानं.

परवा त्यानं तिला जुनीच, पोरीची आई म्हणावं तशी हाक मारली. "बुने, इकडं ये."

किती महिन्यांनी त्यानं तिला पाल्यापाशी बोलावलं होतं. ती गेली, हात आधीच पुढं करून, उलटे, सुलटे. त्यानं हात पाहिले नाहीत. एक पान उचललं आणि तिच्या गालाला लावलं, पाठीमागून हलकेच दाबून धरलं.

"हे असं," तो म्हणाला. "असं लागलं पाहिजे. आवाज आला नाही पाहिजे. कळलं?"

"कळलं."

"बाबांना मी सांगतो काय ते. तू घाबरू नकोस. फक्त आता विसरू नको."

"नाही विसरणार," रुमिना म्हणाली.

पान तिच्या गालाला चिकटून राहिलं. तिनं ते काढलं नाही.

*

लग्नाच्या पहिल्या वर्षी सासऱ्यांच्या तपकिरी, एक शिंग मोडलेल्या शेळीला ताजा पाला घातला तो रुमिनानं, आणि दार्मोनं बापाला सांगितलं की मी घातला.