दर्याबाई

माझा भाऊ अनंत आगबोट आणि रेल्वे करत कोकणातून नागपूरला आला आणि ओसरीवर बसता बसताच म्हणाला, "उत्तरे, आपलं घर दर्यानं घेतलं."

माझ्या सासूबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्या भडकल्या. "कोण वं ही दर्याबाई? काहून घेतलं तिनं? कोर्टात खेचा तिले!"

मला हसू आलं, आणि हसले म्हणून स्वतःचाच राग आला. दर्या म्हणजे समुद्र, मी सांगितलं. आमच्या लहानपणी तो वाळूपलीकडे लांब असायचा. मग त्यानं माडांची रांग नेली, मग गोठा, आता देवघरसुद्धा.

त्या दिवसापासून सासूबाई तिन्हीसांजेला मागच्या दाराला कडी घालू लागल्या.

"समुद्र इथून शेकडो कोस आहे हो!" मी चिडायची.

उन्हाळ्यात परसातली विहीर आणखी खोल खणली. तळच्या खडकात शिंपला निघाला, पार दगड झालेला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि जाऊन कडी काढली.

"आता काहून काढली?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"घर तिचंच हाये वं," त्या म्हणाल्या. "आपणच तिच्या घरात राहून राहिलो."